झोपलेल्याला कुलूप

सकाळी कापतात आणि दुपारी हाकलतात, अशी आमच्या दवाखान्याची ख्याती होती. सुरतेतल्या गोडादऱ्याच्या भाजीबाजारात बायका हे माझ्या तोंडावर म्हणायच्या, आणि मी मेथीची जुडी हातात धरून त्यांच्याशी भांडायचे. "अगं बायांनो, पलंग आहेत आमच्याकडे दोन. तिसऱ्याला काय माझ्या डोक्यावर झोपवू?" त्या हसायच्या, पण त्यांना पटलेलं नसायचं. आमच्या खानदेशी माणसाला दवाखान्यातून घरी न्या म्हटलं की त्याचा अर्थ एकच, डॉक्टरने हात टेकले. ऑपरेशन झालेला माणूस दुपारी स्वतःच्या पायाने रिक्षात बसतो, हे बघायची कुणाला सवयच नव्हती.

मी त्या दवाखान्यातली सिस्टर. नर्सिंग धुळ्याला शिकले, लग्न करून सुरतेत आले. नवरा पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कपडा रंगवायच्या खात्यात. नव्वद सालानंतरची ती वर्षं, घरात तीन पोरं, आणि माझं तोंड तेव्हाही फाटकं होतं, आजही आहे. डॉक्टरसाहेब सुरतीच, माझ्यापेक्षा लहान, मला 'बेन' म्हणायचे. त्यांच्या डोक्यात एकच खूळ. गाठ, हर्निया, हायड्रोसील असली छोटी कामं सकाळी भूल देऊन करायची, दुपारी माणूस घरी. सरकारी दवाखान्यात जमिनीवरही जागा मिळायची नाही, आणि लूमवरचा, म्हणजे यंत्रमागावरचा, कामगार आठवडाभर पडून राहिला तर त्याच्या मशीनवर दुसरा उभा राहायचा. तेव्हा खूळ म्हटलं तरी ते गरजेचं होतं.

पण अशा कामात खरी भीती टेबलावर नसते. टेबलावर आम्ही असतो. भीती असते ती दुपारनंतरची, माणूस आमच्या डोळ्यांआड गेल्यावरची. म्हणून साहेबांनी नियम घातला होता. घ्यायला घरचं माणूस आल्याशिवाय कुणाला सोडायचं नाही, आणि दिवस मावळायच्या आत आमच्यापैकी कुणीतरी घरी जाऊन टाके बघून यायचं. आमच्यापैकी कुणीतरी म्हणजे कोण, ते सांगायला नकोच. साहेब गेले असते तर अख्खी गल्ली गोळा झाली असती, आणि कंपाउंडर चार वाजले की गायब.

तो पोरगा आला तो साक्रीकडचा. पोरगा म्हणजे पंचविशीचा, लूमवर रात्रपाळीला. आधी साहेबांच्या कानात काहीतरी पुटपुटला, मला बघून थांबला. मी म्हटलं, "हायड्रोसील ना? मग लाजतोस काय? इथे डासांच्या कृपेने घरोघर तेच आहे." बिचारा कानापर्यंत लाल झाला. नंतर कळलं, आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, त्याचं लग्न ठरलेलं होतं. मुलीकडच्यांना कळायच्या आत गुपचूप अंडातलं पाणी काढून मोकळं व्हायचं होतं त्याला. गावाकडे कुणाला सांगितलं नव्हतं, आणि खोलीवरच्या दोस्तांनाही नाही.

हे दोस्तांचं मला तेव्हा कळलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं. मी त्याला आमच्या अहिराणीत विचारलं, घरी कोण कोण आहे? "सगळा शेतस ना, ताई," म्हणाला. सगळे आहेत. इतकं छान हसून म्हणाला की मला पुढे विचारावंसंच वाटलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सगळं नीट चाललं होतं आणि मध्येच लाइट गेली. लाइट जाणं हा तेव्हा आमचा रोजचाच शनी. मी विजेच्या खात्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. साहेबांनी मान वर न करता म्हटलं, "बेन, गाळ ना आपो, टॉर्च आपो." शिव्या नकोत, टॉर्च द्या. मी टॉर्च धरली. साहेबांनी हात थांबवला, नुसतं दाबून धरून उभे राहिले. थोड्या वेळाने लाइट आली, मग त्यांनी एकेक शीर परत तपासली, बांधली, आतलं पाणी वाहून जायला खाली रबराची पट्टी ठेवली, टाके घातले. लंगोटासारखा घट्ट पट्टा बांधून दिला. मी त्याला बजावलं, हा सोडायचा नाही, उठबस करायची नाही, जोर लावायचा नाही, लघवीला गेलास तरी कुणाच्या आधाराने.

दुपारी त्याला न्यायला मेव्हणा आला. खाकी शर्ट घातलेला उंच गडी. मी त्यालाही सगळं बजावलं. तो प्रत्येक गोष्टीला "हो ताई, हो ताई" करत होता. पेशंट अजून गुंगीत होता, पण चालत होता. मला बरं वाटलं. मेव्हणा म्हणजे बहिणीचा नवरा, बहीण घरी असेल, गरम वरणभात करून घालेल, असं सगळं मीच मनात रचून टाकलं.

चार वाजून गेल्यावर मी पिशवीत कापूस-पट्ट्या भरून निघाले. चौकात रिक्षांची रांग होती, आणि पुढच्याच रिक्षात तो खाकी शर्ट! "स्टेशन, स्टेशन" म्हणून ओरडत होता.

मी त्याची कॉलर धरायची तेवढी बाकी ठेवली. "काय हो मेव्हणे, पेशंटला टाकून इथे काय करताय?"

तो चपापला. हात जोडले. "ताई, मी कशाचा मेव्हणा? मी रिक्षावाला. सकाळी दवाखान्यात सोडलं तर मला म्हणाला, न्यायला घरचा माणूस लागतो, भाऊ, तू जरा मेव्हणा हो. गावाकडचा निघाला, मी म्हटलं जाऊ दे."

"अरे मेल्या, जाऊ दे काय? मग त्याला सोडलंस कुठे?"

"पाण्याच्या टाकीपाशी. पुढे चालत गेला, भिंत धरून."

भिंत धरून! मी रिक्षात बसले आणि म्हटलं, "चल. स्टेशनचं भाडं गेलं खड्ड्यात." बोलले ते रागाने, पण खरं सांगायचं तर मी घाबरले होते.

टाकीच्या मागे लूमचा लांबलचक शेड होता, त्याने पत्ता म्हणून तेवढाच सांगितला होता, खोली नाही. खाली मशिनी, वर कामगारांच्या खोल्या, बाहेरून लोखंडी जिना. तो आवाज ज्याने ऐकला नाही त्याला सांगून कळायचा नाही. लूमची खटखट कानात घुसत नाही, ती छातीत घुसते. जिन्याचा कठडा धरला तर हाताला मुंग्या आल्या. वर जाऊन बघते तर लांब गॅलरी, ओळीने दारं, आणि झाडून सगळ्या दारांना कुलपं. मी हाक मारली. मला माझीच हाक ऐकू आली नाही. दोन-तीन दारं बडवली, कान लावून बघितला. दार तर थरथरत होतं, पण ते सगळंच थरथरत होतं, भिंतसुद्धा.

आधी मला रागच आला. म्हटलं, गेला असेल टपरीवर विड्या फुंकायला. या लोकांना काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. खाली उतरले, शेडवर देखरेख करणाऱ्या मास्तरला खुणेने विचारलं. त्याने वर बोट केलं आणि दोन्ही हात हलवले. वर कुणी नाही, सगळे कामावर.

जिन्याच्या कडेला नळावर एक बाई कपडे धूत होती. तिच्या कानाला तोंड लावून मी विचारलं, रात्रपाळीवाले दिवसा झोपतात कुठे? तिने वरच बोट दाखवलं. मी म्हटलं, अगं पण सगळ्यांना कुलपं आहेत. ती माझ्याकडे बघतच राहिली, मला एवढंही कळत नाही म्हणून. मग माझ्या कानात ओरडून सांगितलं. आत माणूस झोपलेला असला तरी शेवटी जाणारा बाहेरून कुलूप लावतो. बारा तास लूमवर उभं राहून आलेला माणूस मेल्यासारखा झोपतो, चोर येऊन त्याच्या उशाचं घेऊन गेला तरी जाग यायची नाही. म्हणून झोपलेल्याला कुलूप लावायचं. संध्याकाळी पाळी बदलली की उघडायचं. किल्ली ज्याची त्याच्या करदोड्याला, कमरेला बांधलेली. हे सगळं ती इतक्या साध्या सुरात सांगत होती, जणू दूध उतू जाऊ नये म्हणून झाकण ठेवतात तसं.

म्हणजे तो आत होता. त्या ओळीतल्या कुठल्यातरी दारामागे, गुंगीत, टाक्यांसकट, आणि त्याचं ऑपरेशन झालंय हे अख्ख्या शेडमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. कुणीतरी दुपारी जेवायला वर आला असेल, याला झोपलेला बघितला असेल, आणि रोजच्यासारखं मायेने कुलूप लावून गेला असेल. आणि याला जाग आली तर? लघवीला लागली तर? मी त्याला सांगितलं होतं, जोर लावायचा नाही. बंद दार बघून माणूस जोर लावणार नाही तर काय करील?

मी परत मास्तरकडे धावले. नाव सांगितलं तरी त्या नावाचे चार असतील, खोली कुठली सांगू? तिथे अर्धा शेड साक्रीकडचा. आणि खरं काय झालंय ते सांगायचं तर त्याची अब्रू. मी कुलूप फोडायची खूण केली. मास्तरने डोक्याला हात लावला, बाई वेडी दिसते म्हणून.

मग माझं डोकंच फिरलं. खाली एक मोठा दगड पडला होता तो उचलला, वर गेले आणि पहिल्याच कुलपावर घातला. रिक्षावाला माझ्या मागे. "ताई, पोलीस येतील!" हे मला त्याच्या ओठांवरून कळलं. मी म्हटलं, येऊ देत, त्यांनाही दगड देईन. पहिलं कुलूप तुटलं. आत चार वळकट्या, दोरीवर बनियन, माणूस नाही. दुसऱ्यावर घाव घातला, ते काही तुटेना. रिक्षावाल्याने दगड माझ्या हातातून घेतला आणि तो मारायला लागला. तेवढ्यात मास्तर वर आला, त्याच्या मागे दोघं-तिघं. एकाची खोली मी फोडलेली. त्याने माझा दंड धरला. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्याला त्यातलं अक्षर ऐकू गेलं नाही.

ते मला जिन्याकडे ओढत होते. मी कठडा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. पुढे अजून किती दारं होती! आणि मनात एकच, उशीर होतोय, बाई, उशीर होतोय.

आणि लाइट गेली.

सगळे लूम थांबले. टप्प्याटप्प्याने, शेवटच्या एक-दोन मशिनी धापा टाकत. मग जी शांतता झाली, तशी मी सुरतेत कधी ऐकली नव्हती. दूर कुठे कोंबडं ओरडलं. माझ्या दंडावरचा हात सैल पडला.

ठक.

मग थोड्या वेळाने परत, ठक. पितळेचा आवाज. लाकडावर लोटा आपटल्यासारखा. गॅलरीच्या अगदी पलीकडच्या टोकाकडून.

मी धावले. शेवटून दुसरं दार. मी ओरडले, "आहेस का रे?" आतून परत ठक. आता कुणाला काही समजावावं लागलं नाही. मास्तरनेच लोखंडी कांब आणून कोयंडा उपटला.

तो दाराला टेकून जमिनीवर बसला होता. हातात लोटा. पट्टा सुटलेला, लुंगी आणि खालची गोधडी रक्ताने भिजून जड झालेली. ओठ पांढरे. दार उघडताच तो माझ्या पायांवर कलंडला. नाडी बघितली, दोऱ्यासारखी बारीक लागली. मी पिशवीतला सगळा कापूस दाबला, वरून माझ्या साडीचा पदर आवळला आणि रिक्षावाल्याला म्हटलं, उचल.

दारात ही गर्दी. सगळे विचारतायत काय झालं, काय झालं. त्याने डोळे उघडले. तशा अवस्थेत तो मला काय म्हणाला असेल? "ताई, कोनले सांगू नका."

मला रडू आलं आणि रागही आला. मी गर्दीवर खेकसले, "अपेंडिक्सचं ऑपरेशन झालंय त्याचं! टाके उसवलेत. सरका बाजूला, तमाशा आहे का?" अपेंडिक्सचं रक्त लुंगीत कसं आलं, असं विचारायची कुणाची छाती झाली नाही.

गॅलरीत एक जण आडवा आला. बनियनवर सुताचे धागे चिकटलेले, हातात करदोड्याची किल्ली. उपटलेल्या कोयंड्याकडे बघत होता. "मीच लावलं हो कुलूप," म्हणाला. "गाढ झोपला होता. म्हटलं कुणी येऊन त्याची झोप मोडू नये." त्याच्या थोबाडीत द्यावी असं मला वाटलं, पण त्याचा चेहरा बघून हात उठला नाही. तो न विचारता रिक्षात आमच्या पायाशी येऊन बसला.

दवाखान्यातही लाइट नव्हती. साहेबांनी एकदा बघितलं आणि बाह्या सरसावल्या. मी सलाइन लावलं, पाय उंच केले. आता साहेबांना माझे दोन्ही हात हवे होते, मग टॉर्च कुणी धरायची? किल्लीवाला दारात उभाच होता, पण त्याला आत घेतलं असतं तर गुपित फुटलं असतं. मी रिक्षावाल्याला आत ओढलं. "दुपारी मेव्हणा झाला होतास ना? मग आता मेव्हण्यासारखा उभा राहा. धर टॉर्च. हललास तर बघ."

तो हलला नाही. डोळे मिटून घेतले होते त्याने, पण टॉर्च हलली नाही. साहेबांनी टाके उघडले, गाठी काढल्या. रक्त परत परत भरून येत होतं, मी पुसतेय आणि ते भरतंय. इतर वेळी मी विजेच्या खात्याला वाहिलेल्या लाखोल्या त्या खोलीत घुमल्या असत्या. त्या दिवशी माझ्या तोंडून शिवी निघेना. ज्या अंधारात आम्ही चाचपडत होतो, त्याच अंधारामुळे मला तो ठक ऐकू आला होता. काय म्हणणार मी त्याला?

शेवटी साहेब म्हणाले, "मळी गयी." सापडली. एकच शीर होती. जोराने दोरा सुटलेला. त्यांनी ती बांधली आणि आम्ही वाट बघत राहिलो. कापूस ठेवला, उचलला, पांढरा. परत ठेवला, उचलला, पांढरा. मी खाली बसले ती भिंतीला टेकूनच. मेव्हणे टॉर्च तशीच धरून उभे होते, त्यांना सांगावं लागलं की आता डोळे उघडा.

त्या दिवशी आमच्या दोन पलंगांपैकी एकावर त्याला ठेवून घेतलं. साहेबांनी नियमात भर घातली, आणि तो दवाखाना चालला तोवर मी प्रत्येकाला विचारत राहिले, तुझ्या खोलीची किल्ली कुणाच्या कमरेला असते? लोक हसायचे. मी हसायचे नाही.

संध्याकाळी दिवे अजून आले नव्हते तेव्हा त्याला नीट शुद्ध आली. किल्लीवाला बाहेर पायरीवर बसून होता, त्याला अजून अपेंडिक्सच माहीत होतं. मी याला चमच्याने पाणी पाजत होते. रागवायचं ठरवलं होतं मी, खोटं का बोललास म्हणून चांगली हजेरी घ्यायची होती. पण तोच बोलायला लागला, अगदी हळू.

लघवीला उठलो, म्हणाला. दार ढकललं, लाथा घातल्या, खिडकीला लोंबकळलो. मग खाली गरम गरम लागलं. ओरडलो. मग ओरडवेना, म्हणून लोटा घेतला.

"पण ताई, मना आवाज मालेच आयकू ये नही. लोटा आपटस, पण आवाजच नही. माले वाटनं, मी मरी गऊ." माझा आवाज मलाच येईना. वाटलं, मी मेलो, आणि मेलेला माणूस असाच आपटत बसत असेल.

मी चमचा खाली ठेवला.

"मंग मशिनी बंद पडन्यात," तो म्हणाला. मशिनी बंद पडल्या. "आनि माले ठक आयकू उना. मना लोटा. म्हनं, आरे, मी शे."

मी आहे.

तेवढ्यात लाइट आली. बाहेर गल्लीतली पोरं नेहमीसारखी ओरडली, आणि लांबून एकेक करत लूम सुरू झाले. आवाज ऐकून त्याने घाबरून माझं मनगट पकडलं. मी म्हटलं, "मी इथेच बसलेय. आणि दार उघडं आहे, बघ." त्याने मान वळवून बघितलं. मग झोपला.